बंग, अभय : संशोधन-लेखन व त्याचा प्रभाव

बंग, अभय ठाकुरदास : (२३ सप्टेंबर १९५० – ). सार्वजनिक आरोग्याचे संशोधक. जन्म वर्धा येथे, सर्वोदयी कार्यकर्ते ठाकुरदास व सुमन बंग यांच्या घरी. नागपूर येथे वैद्यकाचे आणि अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण (१९८४) घेऊन, पत्नी डॉ. राणी बंग यांच्यासह त्यांनी गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. रोजगार हमीवरील मजुरांचे किमान वेतन ठरविताना पागे समितीने धरलेल्या हिशेबातील दोष त्यांनी तत्पूर्वीच दाखविले होते.

बंग यांची कीर्ती मुख्यतः लंडनच्या ‘लॅन्सेट’ साप्ताहिकातील तीन निबंधांवर उभी आहे. पहिल्यात (१९८९) राणी बंग यांचे नाव अग्रभागी असून, दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांच्या तपासणीत ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला, आणि पूर्वी कधी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या, ही वस्तुस्थिती त्यात प्रथमच आकड्यांनिशी मांडली गेली. कुटुंबनियोजनापलीकडे स्त्रीच्या आरोग्याची दखल न घेणाऱ्या तत्कालीन धोरणाला हा मोठाच हादरा होता.

दुसरा निबंध (१९९०) बालकांच्या न्यूमोनियाविषयी. ५८ गावांत गावचे आरोग्यसेवक व दाया यांच्या हाती औषध दिल्यावर, पाच वर्षांखालील बालकांत न्यूमोनियाने होणारे मृत्यू दर हजारी ८.१ राहिले, तर तुलनेच्या ४४ गावांत ते १७.५ होते. मोठे आकडे मोजण्याची सवय नसलेल्या दायांसाठी मण्यांचे श्वासमापक यंत्र बनविण्यात आले : दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, आणि शेजारच्या वाळूच्या घड्याळातील मिनिटभराची वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली, तर न्यूमोनिया समजून औषध सुरू करायचे. निरक्षर स्त्रीच्या हाती निदानाचा अधिकार देणारे हे साधन, प्रस्तुत नोंदकाराच्या मते, संख्याशास्त्रीय निष्कर्षांइतकेच मोलाचे आहे.

तिसरा निबंध (१९९९) सर्वांत प्रभावी ठरला. ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूत स्त्रियांनी घरी जाऊन नवजात अर्भकांची देखभाल केली, जंतुदोष झालेल्यांना प्रतिजैविकाचे इंजेक्शनही दिले, आणि त्या गावांतील नवजात मृत्युदर तीन वर्षांत दर हजारी ६२ वरून २५.५ वर उतरला. तुलनेच्या ४७ गावांत तो ५८ वरून ५९.६ झाला. गावांची विभागणी यादृच्छिक पद्धतीने झालेली नसल्याने या निष्कर्षांच्या सार्वत्रिकतेविषयी, तसेच डॉक्टरी पदवी नसलेल्या व्यक्तीने इंजेक्शन द्यावे काय याविषयी, वैद्यकवर्तुळात मतभेद झाले. पुढे उत्तर प्रदेशातील शिवगड व बांगलादेशातील सिल्हेट येथे अन्य संशोधकांनी यादृच्छिक विभागणी करून केलेल्या प्रयोगांतही (२००८) गृहभेटींनी नवजात मृत्यू घटल्याचे आढळले. मात्र प्रमाण गडचिरोलीपेक्षा कमी होते.

जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी २००९ मध्ये संयुक्त निवेदनाद्वारे नवजात शिशूंसाठी गृहभेटींची शिफारस केली. भारत सरकारने २०११ पासून ही पद्धती ‘आशा’ कार्यकर्तींमार्फत देशभर लागू केली; इंजेक्शनाचा भाग तेवढा वगळला. रुग्णालयात जन्मलेल्या बालकाकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी, आणि घरी जन्मलेल्याकडे शिवाय पहिल्या दिवशीही जावे, असा दंडक आहे. वऱ्हाडात वरूड तालुक्यातील शेंदूरजनाघाटच्या परिसरात, जेथे संत्र्याच्या बागा सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत पोहोचल्या आहेत, किंवा पलीकडे मेळघाटात, बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचे वजन व तापमान घेणारी आशाताई याच दंडकाने चालते. संशोधकाचे मोठेपण निबंधांच्या व अवतरणांच्या संख्येवरून ठरविण्याची जी रीत विद्यापीठांत रूढ झाली आहे, तीत या प्रकारच्या परिणामाची नोंद घेण्यास रकानाच नाही. हे त्या रीतीचे गंभीर वैगुण्य होय.

महाराष्ट्रातील बालमृत्यूंची सरकारी दफ्तरी होणारी नोंद फारच अपुरी असल्याचे त्यांनी सहकाऱ्यांसह ‘कोवळी पानगळ’ या अहवालात दाखविले. आदिवासी आरोग्यविषयक केंद्रीय तज्ज्ञ समितीचे ते अध्यक्ष होते (अहवाल २०१८).

दारू व तंबाखूविषयक कार्य : गडचिरोलीतील दारूबंदी व ‘मुक्तिपथ’ मोहीम.

मराठी ग्रंथ : माझा साक्षात्कारी हृदयरोग.

सन्मान : महाराष्ट्रभूषण (२००३) व पद्मश्री (२०१८), दोन्ही राणी बंग यांच्यासह.