कडुनिंबाचा काढा, नॅनो कण आणि आपली माती

हल्ली कृषी सेवा केंद्रात 'नॅनो' लिहिलेली बाटली दिसतेच. हे सगळं परदेशातून आलं असं बऱ्याच जणांना वाटतं. पण यातलं एक महत्त्वाचं पान आमच्या नगरपासून तीन तासांवर, पुण्यात लिहिलं गेलंय.

जानेवारी १९५० मध्ये पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचं उद्घाटन झालं. त्याच वर्षाच्या अखेरीस आमच्या प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभारलेल्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला हंगाम सुरू झाला. ऊस वाढला, त्यामागून रासायनिक खतं आली. स्फुरदाची खतं ज्या खडकापासून बनतात त्यात कॅडमियम हा जड धातू कमी-जास्त असतोच. तो कुजत नाही, जमिनीत साठत राहतो.

साठला तर काय होतं? जपानमध्ये जिन्झू नदीकाठी खाणीतलं कॅडमियम भातात उतरलं आणि माणसांची हाडं ठिसूळ झाली. रोगाचं नावच पडलं 'इताई-इताई', म्हणजे 'दुखतंय, दुखतंय'. तिथल्या सरकारने हे कारण मान्य केलं १९६८ साली. त्याच साली आपलं राहुरीचं कृषी विद्यापीठ स्थापन झालं.

२००४ मध्ये पुण्याच्या त्याच प्रयोगशाळेतल्या मुरली शास्त्री आणि सहकाऱ्यांनी कडुनिंबाच्या पाल्याच्या काढ्यात सोन्या-चांदीचे क्षार मिसळून नॅनो कण बनवल्याचं प्रसिद्ध केलं. वेगळं घातक रसायन लागलं नाही, पाल्यातल्या घटकांनीच काम केलं. पुढे अशाच पद्धतीने जस्ताचे कण बनू लागले आणि कॅडमियम असलेल्या मातीतल्या पिकांवर त्यांचे प्रयोग झाले. जस्त आणि कॅडमियम मुळांत बऱ्याच अंशी एकाच दाराने शिरतात. जस्त पुरेसं असलं की कॅडमियमला वाट कमी मिळते, पिकाची ताण सोसायची ताकदही वाढते.

मात्र हे कण मातीतला धातू काढून टाकत नाहीत, फक्त पिकाला सांभाळतात. आणि आपल्या रानात कॅडमियम आहे की नाही, हे कळणार कसं? २०१५ साली आलेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत १२ घटक तपासतात. जस्त, तांबं, लोह आहे; कॅडमियम आणि शिसं नाही. निदान न करताच औषध विकत घ्यायचं का?

माझी मागणी साधी आहे. जिथे औद्योगिक सांडपाणी शेतात किंवा विहिरीत उतरतं, त्या गावांत तरी सरकारी खर्चाने ही तपासणी व्हावी. आमच्या ग्रामसभेत मी ठराव मांडतोय. तुमच्या गावात कोण मांडणार?