मुंबईच्या आकाशातील जांभळी नोंद

४ फेब्रुवारी १८७२, रविवार. सूर्यास्तानंतर मुंबईच्या आकाशात अरोरा, म्हणजेच ध्रुवीय प्रकाश दिसला. वृत्तपत्राने रंगही नोंदवला : गडद जांभळा. त्याच वेळी मुंबई-एडन समुद्री तारेवरील संदेशवहन विस्कळीत झाले.

कारण होते सौरवादळ. अशा वेळी वेगवान इलेक्ट्रॉन वातावरणातील नायट्रोजनच्या रेणूंवर आदळतात. रेणूतील एक इलेक्ट्रॉन निसटतो आणि उरलेला उत्तेजित आयन निळा-जांभळा प्रकाश सोडतो. अतिउंचीवर सूर्यकिरण पोहोचत असतील, तर हेच आयन तो प्रकाश शोषून पुन्हा विखुरतात. ऑक्सिजनचा प्रकाश मात्र लाल किंवा हिरवा असतो.

इलेक्ट्रॉनचा शोध लागला १८९७ मध्ये. बातमीदाराला कारण ठाऊक असणे शक्यच नव्हते. पण त्याने रंग लिहून ठेवला, म्हणूनच आज त्यात नायट्रोजनची खूण शोधता येते.