शिकारी थैली (ठासणीच्या बंदुकीची)

ठासणीच्या बंदुकीने शिकार करणाऱ्याने खांद्यावरून तिरपी अडकवायची लहान चामडी थैली. अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर परिसरात जर्मन वंशाचे कारागीर लांब नळीची रायफल घडवू लागले. ती ॲपलेशियन डोंगररांगांत पसरली, तशी तिच्यासोबतची थैलीही. सैनिकाजवळ दारू आणि गोळी एकत्र गुंडाळलेली कागदी काडतुसे असत. शिकाऱ्याला दारू, कापड, गोळी, रंजक (बार पेटवणारी बारीक दारू) सारे सुटे हाताळावे लागे आणि थैलीत काय असावे हे त्यावरूनच ठरे.

मुख्य दारू थैलीत ठेवत नाहीत. ती बैलाच्या पोकळ शिंगात, थैलीच्या किंवा वेगळ्या पट्ट्याला लटकते. शिंगात ओल शिरत नाही व त्यातून ठिणगीही उडत नाही. मात्र शिंगातून थेट नळीत दारू ओतणे घातक आहे. आधीच्या बाराचा निखारा आत उरला असेल, तर अख्खे शिंग हातातच फुटते. म्हणून हरणाच्या शिंगाचे टोक पोखरून केलेले माप हे या सरंजामातले पहिले साधन मानले पाहिजे. मापामुळे हाताशी एका बारापुरतीच दारू येते आणि दर बाराला ती सारखी पडल्याने नेमही टिकतो.

गोळी नळीपेक्षा किंचित लहान असते. तिच्याभोवती चरबी किंवा मेण चोळलेले सुती अथवा लिननचे कापड गुंडाळून ती गजाने ठासतात. कापड नळीतल्या आट्यांत घट्ट बसते आणि गोळीला फिरकी देते. अर्ध्या इंचाच्या नळीत ०.४९ इंच व्यासाची शिशाची गोळी चालते. तिचे वजन सुमारे ११.५ ग्रॅम, म्हणजे वीस गोळ्या पाव किलोच्या आतच. नळ्या हाताने घडवलेल्या असल्याने गोळीचा साचा त्या त्या बंदुकीबरोबरच मिळे. शेजाऱ्याच्या थैलीतली गोळी आपल्या नळीत बसेलच असे नसे.

चकमकीच्या बंदुकीसाठी दोन-तीन जादा गारा, घोड्याच्या जबड्यात गार पकडायला चामड्याचा तुकडा, पेचकस, कान (रंजकाची आग नळीत नेणारे छिद्र) मोकळा करण्याची तार आणि रंजकाची वाटी झाडायला छोटा ब्रश लागतो. बार उडाल्यावर दारूचा मळ नळीत साचतो, हवेतली ओल शोषतो आणि लोखंड गंजवतो. त्यासाठी चिंध्या व गजाच्या टोकाला बसणारा मळसूत्री आकडा हवा. दारू न भरताच गोळी ठासली गेली, तर ती बाहेर ओढायला टोकदार स्क्रूही हवा. अनुभवी नेमबाजाच्याही हातून असे घडते, तेव्हा हा स्क्रू घरी ठेवून निघू नये.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात केप, म्हणजे घोड्याच्या आघाताने पेटणारी छोटी धातूची टोपी, आली. गारा आणि रंजक गेले. त्यांच्या जागी केपांची डबी, जादा निपल (केप बसवायची पोकळ खुंटी) व त्याचा पाना आला. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर असलेल्या ठासणीच्या बंदुका बहुतेक याच जातीच्या.

थैली कोपराच्या उंचीवर, अंगाला चिकटून बसावी. खाली लोंबणारी थैली पळताना मांडीवर आपटते, आणि मोठ्या थैलीत हवी ती वस्तू बोटांना सापडत नाही. अमेरिकेत १९३३ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय ठासणी-रायफल संघटनेच्या इंडियानातील फ्रेंडशिप गावच्या स्पर्धांत अशा थैल्या आजही वापरात दिसतात.