पांढऱ्या फडक्याची कुळकथा

टेबल खिडकीशी ओढायचं, काचेवर बटर पेपर डकवायचा, वस्तूच्या पलीकडच्या अंगाला थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा करायचा आणि फोटो घ्यायचा. घरून लोणची, मसाले, साबण, कानातली विकणाऱ्या कितीतरी बायका आज असेच फोटो काढतात. बहुतेकींना वाटतं, ही आपली तात्पुरती सोय. खरे फोटो निघतात स्टुडिओत, मोठ्या दिव्यांखाली. इतिहास मात्र उलट सांगतो. खिडकी, कागद आणि पांढरं फडकं हेच मूळ घराणं. स्टुडिओतले दिवे पुष्कळ नंतर आले आणि त्यांतला सॉफ्टबॉक्स, म्हणजे पुढे पांढरं कापड ताणलेला दिवा, तर आजही खिडकीचीच नक्कल करतो.

फडक्यापासून सुरुवात करू. इंग्लंडमध्ये विल्टशर परगण्यात लॅकॉक ॲबी नावाचा जुना वाडा आहे. तिथे राहणाऱ्या विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बटने कागदावर फोटो घेण्याची स्वतःची रीत बसवली आणि १८४४ ते १८४६ या काळात ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ हे पुस्तक सहा भागांत काढलं. त्यात २४ फोटो होते, प्रत्येक प्रतीत हाताने चिकटवलेले. तिसरा फोटो चिनी मातीच्या भांड्यांचा. फळ्यांवर कप, किटल्या, बाहुल्या ओळीने मांडलेल्या. टॅल्बट म्हणतो, वस्तू कितीही असोत, कॅमेरा त्या सगळ्या एका दमात टिपतो. आणि उद्या चोराने हा ऐवज पळवला तर हे मुकं चित्र न्यायालयात साक्षीला उभं करता येईल. घरातल्या वस्तूंचा फोटो कशासाठी काढायचा, याचं हे अगदी सुरुवातीचं उत्तर.

चौथा फोटो काचेच्या भांड्यांचा, आणि त्याच्यासोबतचा सल्ला मला फार मोलाचा वाटतो. काच आणि पांढरी चिनी माती एकत्र मांडू नका, असं टॅल्बट बजावतो. पांढरी भांडी इतकी उजळ की त्यांचं चित्र पुरं होतं तेव्हा काचेचं जेमतेम सुरू झालेलं असतं. दह्याची पांढरी वाटी आणि काचेची बरणी शेजारी ठेवून मोबाइलने फोटो काढून पाहा: वाटी पांढरीफटक येते, नाहीतर बरणी काळवंडते. कॅमेरे बदलले, ही अडचण जागची हललेली नाही.

मग येतो पाचवा फोटो, पॅट्रोक्लसच्या अर्धपुतळ्याचा, आणि इथे आपलं फडकं भेटतं. उन्हात पुतळ्यावर सावल्या इतक्या गडद पडतात की आकाराचा घोळ होतो, म्हणून पुष्कळ पुतळे ढगाळ हवेत अधिक चांगले येतात, असं टॅल्बट सांगतो. उन्हातच फोटो घ्यायचा असेल तर पुतळ्याच्या एका बाजूला, थोड्या अंतरावर, पांढरं कापड धरावं. त्यावरून परतलेला उजेड सावलीत बुडणारा भाग हलकासा उजळतो. थर्माकोलचं सगळं शास्त्र या एका सूचनेत आलं. टॅल्बटचा स्टुडिओ म्हणजे बहुतेक वेळा वाड्याचं अंगण. ‘ग्रंथालयातील दृश्य’ नावाच्या त्याच्या फोटोतली पुस्तकंसुद्धा उजेडासाठी बाहेर आणून मांडलेली होती.

बटर पेपरचं मूळ याहून खोल जातं. रात्री दिव्याच्या उजेडात उठावाची आकृती रेखाटायची असेल तर दिवा आणि आकृती यांच्यामध्ये फारसा पारदर्शक नसलेला कागद धरावा, असं लिओनार्दो दा विंचीने आपल्या टिपणांत लिहून ठेवलं आहे. त्याचा मृत्यू १५१९ सालचा, म्हणजे कॅमेऱ्याने फोटो निघण्याच्या कितीतरी आधी. कागदामुळे होतं असं की दिव्याची लहानशी ज्योत उरत नाही, उजळलेला अख्खा कागदच दिवा होतो. वस्तूच्या मानाने उजेडाचं तोंड जितकं मोठं, तितकी सावलीची कड मऊ.

खिडकी तर चित्रकारांची पिढीजात मालमत्ता. इटलीत १४०० च्या सुमारास चेन्नीनो चेन्नीनी शिकाऊ चित्रकाराला सांगतो की उजेड डावीकडून येऊ दे. उजव्या हाताने काढणाऱ्याच्या हाताची सावली मग कागदावर येत नाही. सतराव्या शतकातल्या डच चित्रकारांची, पीटर क्लास किंवा विलेम काल्फ यांची, टेबलावर मांडलेल्या भांड्याफळांची चित्रं पाहा. त्यांच्या काचेच्या पेल्यावर चौकटीची खिडकी अख्खी चमकताना दिसते, बहुधा डाव्या अंगाला. कॅमेऱ्याला ना हात ना हाताची सावली, तरी वस्तूंच्या फोटोत उजेड डावीकडून घेण्याची सवय आजही चालत आली आहे. लुई दागेरने १८३७ मध्ये पॅरिसमध्ये घेतलेला जो फोटो आज फ्रेंच फोटोग्राफी संस्थेच्या संग्रहात आहे, त्यातही प्लास्टरच्या मूर्ती आणि वेताने मढवलेली बाटली बाजूच्या उजेडात मांडलेली दिसते. प्लास्टर निवडण्यात शहाणपण होतं: ते पांढरं, म्हणून उजेड परतवणारं, आणि कितीही वेळ लागला तरी न हलणारं.

कृत्रिम उजेडाची वंशावळ लांबलचक आहे. फ्रेंच छायाचित्रकार नादारने १८६१ मध्ये पॅरिसच्या भुयारांत विजेच्या दिव्यांवर फोटो घेतले, १८८७ मध्ये जर्मनीत मॅग्नेशियमची फ्लॅश पावडर आली, मग बल्ब, मग इलेक्ट्रॉनिक फ्लॅश. या सगळ्यांनी अंधाराचा प्रश्न सोडवला. वस्तूचा गोलावा, तिचा पोत दाखवायची वेळ आली तेव्हा जाणते पुन्हा घरातल्याच सामानाकडे वळले. पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्समधल्या वूलांझी गावी एडवर्ड स्टायकेनने काचघरात ब्लँकेटांचा तंबू उभारला, आत तीन नाशपती आणि एक सफरचंद ठेवलं, उजेडाला बारीकशी वाट ठेवली आणि ३६ तासांचं एक्स्पोजर दिलं. त्याच काळात तो एकच पांढरी कपबशी पुन्हा पुन्हा फोटोत घेत होता, पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या छटा हाताखाली याव्यात म्हणून. हाच स्टायकेन १९२३ पासून अमेरिकेत मासिकांची आणि जाहिरातींची छायाचित्रं करू लागला. १९३० च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियात एडवर्ड वेस्टनने एक ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवली. नरसाळ्याच्या आतल्या चकाकीने मिरचीच्या कडा चहूबाजूंनी उजळल्या, आणि वस्तुचित्रणातला एक अजोड फोटो निघाला. नरसाळं तुमच्याही स्वयंपाकघरात असेल.

आपल्या देशात फडक्याला मोठा मान मिळवून दिला चित्रपटांचे छायाचित्रणकार सुब्रत मित्र यांनी. ‘अपराजितो’ (१९५६) चित्रपटासाठी काशीच्या घराचं अंगण कोलकात्याच्या स्टुडिओत उभारलं होतं. अंगणात उजेड उतरतो तो वरच्या आकाशाच्या तुकड्यातून, सावल्या न पाडता. स्टुडिओचे दिवे नेमके हेच करू देईनात. मित्रांनी सेटवर पांढरं कापड ताणलं आणि दिवे खालून त्यावर सोडले. टॅल्बटने ऊन परतवलं, मित्रांनी दिवे, फडकं तेच.

महाराष्ट्रातल्या खिडकीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. युरोपातले चित्रकार उत्तरेची खिडकी मागायचे, कारण तिथे सूर्य दक्षिणेकडून जातो आणि उत्तरेचा उजेड दिवसभर एकसारखा राहतो. हा नियम आपल्याकडे जसाच्या तसा लावता येत नाही. मुंबईत मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत, म्हणजे सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो त्या दोन शून्य सावली दिवसांच्या दरम्यान, भर दुपारचा सूर्यही किंचित उत्तरेला असतो. मार्चच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरपर्यंत तो उगवतो आणि मावळतोही उत्तरेकडे सरकून, त्यामुळे सकाळी आणि संध्याकाळी तिरपं ऊन आत शिरू शकतं. उन्हाळ्यात उत्तरेच्या खिडकीलाही बटर पेपर लागतो तो यासाठी.

हे सगळं एकत्र पाहायचं असेल तर घासून लख्ख केलेला पितळी तांब्या घ्या. खिडकीशी नुसता ठेवलात तर त्यात खोली दिसेल: दार, पंखा, तुमचा शर्ट, हातातला मोबाइल. पितळेचा फोटो म्हणजे पितळेत जे दिसतं त्याचा फोटो. आता काचेवर कागद लावा. पोटावरचा झगझगीत ठिपका पसरून लांब, शांत पट्टा होईल. पलीकडून पांढरं फडकं हळूहळू जवळ आणा. वीतभर अंतरावर आलं की काळोखी बाजू सोनेरी होईल आणि घडणीचे ठोके दिसू लागतील. फडकं अगदी भिडवलंत तर मात्र दोन्ही बाजू सारख्या उजळून तांब्या चपटा दिसेल. तिथून थोडं मागे घ्या. शेवटी काळ्या कार्डशीटची अरुंद पट्टी कडेला उभी करा, कड रेखल्यासारखी स्पष्ट होईल.

दिवाळीच्या ऑर्डरींसाठी फोटो काढायचे असतील तर लाइटचा संच मागवण्याआधी एक सकाळ या मांडणीला द्या. आणि फोटो घेताना खोलीतला दिवा बंद ठेवा. बल्बचा पिवळा उजेड आणि खिडकीचा निळसर उजेड एकाच चकलीवर पडले, तर कुठलाही कॅमेरा दोन्ही रंग एकदम खरे दाखवू शकत नाही.