दोनाचा सदुसष्टावा घात

दोनाच्या ६७ व्या घातांतून एक वजा केला असतां २१ अंकांची एक प्रचंड संख्या उरते. ही मूळसंख्या होय, म्हणजे १ व ती स्वतः यांवांचून तिला निःशेष भागणारी दुसरी संख्या नाहीं, असें मेर्सेन या फ्रेंच ख्रिस्ती संन्याशानें १६४४ सालीं प्रतिपादिलें. विधानाची परीक्षा करणें तेव्हां कोणासच साध्य नव्हतें. त्यामुळें वचन हेंच प्रमाण होऊन बसलें.

पुढें २३२ वर्षांनीं, १८७६ सालीं, ल्यूका या फ्रेंच गणितज्ञानें नवी कसोटी लावून ती मूळसंख्या नाहीं असें दाखविलें. नवल हें कीं, तिचा एकहि अवयव त्यास ठाऊक नव्हता! नाणें खोटें हें कळलें. पण त्यांत हीण कोणतें, हें कळेना.

तें १९०३ सालीं न्यूयॉर्क येथील गणितज्ञांच्या सभेंत प्राध्यापक कोल यांनीं फळ्यावर मांडलें: १९,३७,०७,७२१ गुणिले ७,६१,८३,८२,५७,२८७. या शोधापायीं त्यांचे तीन वर्षांचे रविवार खर्ची पडले, असें सांगतात. गुणाकार पडताळून पाहण्यास मात्र शाळकरी मुलासहि घटकाभर पुरे.

२००२ सालीं कानपूर येथें अग्रवाल, कयाल व सक्सेना यांनीं मूळसंख्या ओळखण्याची निश्चित व शीघ्र रीति सिद्ध केली; परंतु अवयव तीहि सांगत नाहीं. आजच्या गुप्तलेखनाची एक प्रसिद्ध पद्धति तर अवयव काढण्याच्या या दुष्करतेवरच विसंबून आहे. दोष आहे हें जाणणें आणि तो कोठें आहे हें दाखविणें, हीं दोन भिन्न ज्ञानें होत.