टर्मिटोमायसीस (वारुळाची अळंबी)

वाळवीच्या वारुळातून उगवणाऱ्या खाद्य अळंब्यांची प्रजाती. रॉजे एम या फ्रेंच कवकशास्त्रज्ञाने ती 1942 मध्ये स्थापली. आफ्रिका आणि दक्षिण व आग्नेय आशियात तिच्या जाती आढळतात. खोपोली, कर्जत व खालापूरच्या डोंगरपायथ्याशी पावसाळ्यात ठाकूर व कातकरी समाजातील लोक रानभाज्यांबरोबर जी अळंबी गोळा करतात, तिच्यात या प्रजातीला विशेष मान आहे.

या कवकाचे जगणे वाळवीशी बांधलेले असते. ओडोंटोटर्मिससारख्या वाळव्या सुकी पाने व लाकूड खाऊन त्यांच्या अर्धवट पचलेल्या विष्ठेपासून वारुळात स्पंजासारखे पोळे रचतात, त्यावर कवकाचे तंतू वाढतात, आणि लाकडातील कठीण द्रव्ये त्या तंतूंनी फोडल्यावर ते पोळे व त्यावरील पांढऱ्या गाठी वाळवीचे अन्न होतात. पाऊस जमिनीत मुरल्यावर याच पोळ्यातून अळंबी वर येते. वारूळ जिवंत असेपर्यंत ती बहुधा दरवर्षी त्याच जागी उगवते.

छत्राच्या मध्यभागी माती भेदणारा टोकदार, टणक उंचवटा असतो. पटले, म्हणजे छत्राखालचे पातळ उभे पापुद्रे, दांड्याला चिकटलेली नसतात. ती आधी पांढरी असून बीजाणू पक्व होताना गुलाबीसर होतात. खरी ओळख मात्र जमिनीखाली असते: दांडा मुळासारखा निमुळता होत थेट पोळ्यापर्यंत जातो, म्हणून अळंबी उपटू नये, भोवतालची माती अलगद उकरून पाहावी. टर्मिटोमायसीस मायक्रोकार्पस ही इवल्या छत्र्यांची, थव्याने उगवणारी जात याला अपवाद आहे. वाळवीने बाहेर आणून टाकलेल्या पोळ्याच्या तुकड्यांवर ती उगवत असल्याने तिला असे लांब मूळ नसते.

छत्र दांड्यावेगळे करून पटले खाली येतील असे कागदावर ठेवले व वर वाटी पालथी घातली, तर काही तासांत बीजाणूंचा ठसा उमटतो. तो या प्रजातीत फिकट गुलाबी, तर गवतात उगवणाऱ्या विषारी क्लोरोफायलममध्ये हिरवट असतो. त्या अळंबीची कोवळी पटलेही पांढरीच असल्यामुळे नुसत्या नजरेने फसगत होते आणि खाल्ल्यास उलट्या-जुलाब होतात. अमानिटा या अळंबीचा ठसा पांढरा असतो, तिच्या बुडाशी बहुधा पेल्यासारखे वेष्टन असते, आणि तिच्या काही जाती प्राणघातक असून त्यांचे विष शिजवूनही जात नाही. चांदीचा चमचा किंवा लसूण काळी पडते का, हे पाहण्याच्या परीक्षेवर मुळीच विसंबू नये.