सद्दालपुत्राचे मडके



अक्षय्य तृतीया जवळ आली की आपल्या परभणीकडे कुंभारांची मडकी बाजारात दिसू लागतात. शेजारपाजारी पितरांच्या नावाने करा भरतात, आणि आपल्याकडे वर्षीतपाची पारणी असतात. हस्तिनापुरात श्रेयांसकुमाराने ऋषभदेव भगवानांना उसाचा रस वोहरावला, तो रसही घड्यांतलाच. एकाच दिवशी दोन्ही घरांत मडके लागते. तरी ते घडवणाऱ्याबद्दल आपण फारसे बोलत नाही.

यंदा चातुर्मास बसण्याआधी आम्ही चार दिवस मालवणला गेलो होतो. पावसाने समुद्र खवळलेला, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद. मग काय, छत्र्या घेऊन बाजार फिरणे! खाजा, काजू, कोकम यांच्या दुकानांत एका ठिकाणी मातीच्या हंड्या रचून ठेवल्या होत्या. मालवणला लागूनच कुंभारमाठ नावाचे गाव आहे, म्हणजे या मातीचे नाते तिथे जुने असणार. मी एक हंडी हातात घेतली. आतून बोटांच्या खुणा स्पष्ट लागत होत्या. तेवढ्यात माझ्या जाऊबाई म्हणाल्या, "वहिनी, ओली माती, वर भट्टीचा अग्नी. किती जीवांची विराधना! हे घ्यायचं तरी कशाला?"

प्रश्न खरा आहे. पृथ्वीकाय, अप्काय, अग्निकाय, तिन्हींचा आरंभ कुंभाराच्या कामात होतो. पंधरा कर्मादानांत पहिलेच अंगारकर्म. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी कुमारपाल राजासाठी योगशास्त्र लिहिले. त्यात अंगारकर्म समजावताना त्यांनी कुंभाराचे नाव घेतले आहे. पण त्याच ओळीत लोहार आहे, सोनार आहे, विटा भाजणाराही आहे. म्हणजे आपल्या हातातल्या पाटल्या आणि डोक्यावरचे पक्के घर त्याच अग्नीतून आले. मग मडक्यापाशीच आपला हात का थांबावा?

आता गंमत बघा. ही पंधरा कर्मादाने ज्या उपासकदशांगात सांगितली आहेत, त्याच सातव्या अंगात भगवान महावीरांच्या दहा आदर्श श्रावकांच्या कथा आहेत. त्यांतला सातवा श्रावक सद्दालपुत्र हा कुंभार आहे.

पोलासपूर नगराबाहेर त्याची कुंभारकामाची पाचशे दुकाने होती. मजुरी घेऊन काम करणारी माणसे तिथे घडे, रांजण, लहानमोठी भांडी घडवत आणि काही जण ती राजमार्गावर नेऊन विकत. सद्दालपुत्र गोशालकाचा, म्हणजे आजीवक मताचा अनुयायी होता. सगळे नियतीने आधीच ठरलेले, माणसाच्या प्रयत्नाने काही होत नाही, हे ते मत.

भगवान त्याच्याच कामाच्या जागेत उतरले होते. एके दिवशी तो मडकी उन्हात वाळायला मांडत असताना त्यांनी विचारले, हे कसे तयार होते? त्याने सांगितले: आधी माती असते, ती पाण्यात भिजवतात, तिच्यात राख आणि शेण मिसळतात, मग चाकावर चढवतात. आगमाचे हे पाठ वलभीच्या वाचनेत, वीर निर्वाणानंतर ९८० किंवा ९९३ वर्षांनी, लिहून ठेवले गेले. पण कृती वाचताना वाटते, आजच्याच एखाद्या कुंभाराने सांगितली असावी. आपल्याकडचे कुंभारही मातीत राख किंवा लीद कालवतात, म्हणजे भाजताना मडके तडकत नाही.

भगवानांनी पुढे विचारले, हे प्रयत्नाने झाले की प्रयत्नाशिवाय? सद्दालपुत्र म्हणाला, प्रयत्नाशिवाय, सगळे नियत आहे. मग भगवान म्हणाले, कोणी तुझी मडकी चोरली, फोडली किंवा तुझ्या पत्नीशी, अग्निमित्रेशी, गैर वागला तर? तो म्हणाला, मी त्याला बांधीन, मारीन. सगळे ठरलेलेच असेल तर त्या माणसाचा दोष काय, एवढेच भगवानांनी दाखवून दिले. सद्दालपुत्राला उमगले. त्याने श्रावकाची बारा व्रते घेतली. त्याच्या सांगण्यावरून अग्निमित्रा सजवलेल्या बैलांच्या रथात बसून दर्शनाला गेली आणि तिनेही व्रते घेतली.

पुरुषार्थ समजावायला समोरचे ओले मडकेच पुरेसे झाले. घडवणाऱ्याचे श्रम त्यात दिसत होते, ते नाकारणे शक्य नव्हते.

आपल्या परंपरेत या कलेचा मान त्याहूनही जुना आहे. अग्नी पहिल्यांदा प्रकटला तेव्हा लोकांनी धान्य थेट त्यात टाकले आणि ते जळून गेले. मग ऋषभदेवांनी ओल्या मातीचा गोळा मागवला, हत्तीच्या कुंभस्थळावर ठेवून त्याला भांड्याचा आकार दिला आणि लोकांना ती कला शिकवली. शिल्पांत पहिले शिल्प कुंभाराचे, असे आपले ग्रंथ मानतात. एकोणिसावे तीर्थंकर मल्लिनाथ यांचे लांछन कलश, अष्टमंगलातही कलश.

आपल्या मराठवाड्यातच तेरचे गोरोबाकाका होऊन गेले. थापटण्याने संतांची डोकी ठोकून कोण पक्का, कोण कच्चा हे त्यांनी पारखले, ही गोष्ट घरोघरी माहीत आहे. त्याच तेरला, म्हणजे प्राचीन तगरला, दोन हजार वर्षांपूर्वी पैठणसारखीच मोठी बाजारपेठ होती. तिथला माल गाड्यांतून भडोचच्या बंदरात जात असे, असे एका ग्रीक प्रवासग्रंथात लिहिले आहे. उत्खननात त्या काळची खापरे निघाली. कापड विरले, धान्य संपले, कुंभाराचे काम तेवढे उरले.

तेव्हा जाऊबाईंना मी एवढेच म्हटले: विराधना आहे, हे मान्य. म्हणून गरजेपुरतेच घ्यावे, घेतलेले जपून वर्षानुवर्षे वापरावे, हौसेने घेऊन फोडू नये. पण घ्यायचेच तर घासाघीस करू नये. दागिन्याची घडणावळ आपण मुकाट्याने देतो. मग मडक्याच्या दहा रुपयांसाठी कुंभारणीला उन्हात ताटकळत का ठेवायचे? आणि "मातीचेच तर आहे" हे वाक्य मुलांसमोर तरी बोलू नये. त्या मातीमागे कुणाचा तरी पुरुषार्थ आहे, हे एका कुंभाराला खुद्द भगवानांनी दाखवून दिले होते.